गाडी सांभाळणाऱ्या शोभाकाकू

सॅक्रामेंटोच्या मराठी मंडळींत शोभाकाकू सहलीला आल्या की सगळे निर्धास्त असत. गाडी सांभाळायला माणूस आयतं मिळे. नवरा गेल्यावर त्या मुलीकडे, देवयानीकडे राहायला आल्या, तेव्हापासून कितीतरी पार्क त्यांनी पार्किंगमधूनच पाहिले. "तुम्ही या जाऊन, मी आहे इथे," म्हणत त्या विणकाम काढत.

लासनलाही तसंच झालं. ज्वालामुखींचा डोंगराळ पार्क, मधेमधे निळीशार तळी. देवयानी, जावई संग्राम आणि नात आन्या तळ्याकडे निघाली.

"आई, खायचं सगळं त्या लोखंडी पेटीत ठेवलंय. गाडीत काही ठेवू नकोस हं, अस्वलं येतात."

काकूंनी मान डोलावली. डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र शालीखाली होता. लाडू म्हणजे काय खाणं? ते तर औषध!

त्यांनी पहिला लाडू फोडला आणि बॉनेटवर धप्पकन दोन पंजे पडले. काळं अस्वल एकटक लाडवाकडे बघत होतं. खिडकी दोन बोटं उघडी, आणि किल्ली संग्रामकडे, म्हणून काच वर होईना.

"शुक! शुक!" काकूंनी मांजरासारखं हाकलून पाहिलं. अस्वलाने काचेला नाक लावलं. मग काकूंनी हॉर्न जो दाबला, तो सोडेचनात. अस्वल केव्हाच झाडीत पळालं, माणसं धावत आली, तरी हॉर्न चालूच!

पार्कच्या रेंजरबाईंनी समजावलं, "माणसाच्या खाण्याची चटक लागली की अस्वल माणसांवर चालून येतं, आणि मग त्यालाच मारावं लागतं." काकू ओशाळल्या. डबा स्वतः पेटीत ठेवून आल्या.

दुसऱ्या दिवशी लासन शिखर चढायचं होतं.

"आई, तू थांबशील ना?"

"मुळीच नाही! बसल्या जागी अस्वल येतं. त्यापेक्षा डोंगर बरा."

भुसभुशीत वाट वळणावळणाने चढत होती. दर वळणावर काकू बसत, ज्वालामुखीला नावं ठेवत आणि उठत.

"आजी, ऑलमोस्ट देअर!" आन्या सकाळपासून हेच म्हणत होती.

दुपारी त्या खरोखर माथ्यावर पोहोचल्या. दूरवर शास्ता पर्वताचं पांढरं शिखर होतं, खाली तळी चमकत होती. काकू दगडावर टेकल्या. आन्याने लाडू पुढे केला, तर तो त्यांनी हातानेच बाजूला सारला.

"आई, बरं वाटतंय ना?" देवयानीने घाबरून विचारलं.

"गप गं," काकू म्हणाल्या. "बघू दे मला."