पंखांच्या चपला आणि एक ‘या’

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते त्यांतल्या फटी शोधायला. सांगणारा दमलेला होता का, गोष्ट स्वतःची की ऐकीव, सोबत आणखी कोण होतं... समासात पेन्सिलीने लिहायचं आणि मासिक रद्दीत टाकायचं. संकेत, आभास यांतलं काही मी मानत नव्हते. आजही मानते असं म्हणवत नाही. पण माझ्या स्वतःच्या वहीतली एक ओळ कित्येक वर्षं काट न बसता पडून आहे, म्हणून लिहिते.

साल २००६, ऑक्टोबरअखेर. आम्ही जर्मनीत, रेगेन्सबर्गला राहायचो. नवरा अविनाश मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मुलगी मीरा आठ वर्षांची – मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आणि तीन महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई. सासरे एप्रिलमध्ये गेले. सकाळी मंडईत म्हणून बाहेर पडले आणि तिथेच कोसळले.

आई आल्या तेव्हापासून त्यांना एका जागी चैन नव्हती. बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायच्या. मी फ्रीजवर तक्ता लावला होता – काय खाल्लं, किती झोपल्या. तीन आठवड्यांनी त्यांचं परतीचं विमान होतं आणि या अवस्थेत त्यांना सांगलीत एकटं कसं ठेवायचं, यावर आमचे रोज वाद होत होते.

तक्त्यात आणखी एक नोंद होती, कारण ती मला कळत नव्हती. अविनाश फोनवर ‘या, या’ करायला लागला की आई उठून जायच्या. मीरा ‘या, ममा’ म्हणाली तरी चेहरा उतरायचा. जर्मनमध्ये ‘हो’ला ‘या’ म्हणतात, हे मी त्यांना दोनदा समजावलं.

"कळलंय गं मला," म्हणायच्या, आणि बाल्कनीत जायच्या.

मीराला शाळेची सुट्टी होती, म्हणून चार दिवस मोझेल नदीकाठी गेलो. परतीच्या दिवशी, मंगळवारी, साडेअकराच्या सुमारास आम्ही द्राक्षमळ्यांखालच्या एका लहान गावात होतो. तिथे रोमन काळातल्या एका श्रीमंताच्या बंगल्याची फरशी तेवढी उरली आहे. तिच्यावर छप्पर घातलंय आणि कडेने लाकडी सज्जा आहे, त्यावर उभं राहून खाली बघायचं. अविनाशला कारखान्यातून फोन आला, तो गाडीपाशीच थांबला. तिकीट देणाऱ्या बाई काचेच्या दाराबाहेर. आत मी, आई आणि मीरा. दुसरं कोणी नाही.

खाली बोटाच्या पेराएवढ्या रंगीत दगडांची चित्रं. कडेला मासे, वेली, आणि मधल्या चौकोनात एक तरुण – हातात काठी, पायात पंखांच्या चपला. मीराने चपलांचे पंख मोजायला घेतले. आई वाकून बूट काढायला लागल्या.

"आई, इथे बूट चालतात."

"देव आहे ना तो?"

"त्यांचा आहे."

"मग? त्यांचा म्हणून बूट घालायचे?"

मीरानेही लगेच काढले, मग मीही. मी तिन्ही जोड नीट ओळीने लावले आणि भिंतीवरची पाटी वाचून आईंना मराठीत सांगितलं – हा मर्क्युरी. वाटसरूंचा देव. मेलेल्या माणसांना पलीकडच्या वाटेला लावून द्यायला हाच जातो.

"सोबत जातो? शेवटपर्यंत?"

"असं लिहिलंय."

त्या बराच वेळ त्या चपलांकडे बघत राहिल्या. मग कठडा धरून, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"त्या दिवशी थालीपीठ लावलं होतं. म्हटलं, खाऊन जा. तर पिशवी घेऊन निघाले सुद्धा. चाळीस वर्षं दारातून ‘येतो गं’ म्हणायचे आणि मी ‘या’ म्हणायचे. त्या दिवशीही म्हणाले. आणि मी म्हटलं, ‘जा एकदाचे.’" थोडं थांबून म्हणाल्या, "तुझ्या या देशात पोस्टमनसुद्धा ‘या’ म्हणतो गं. मलाच तेवढं म्हणता आलं नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात आमच्या मागून, दाराच्या बाजूने, ते आलं. आधी घसा साफ केल्याचा आवाज. मग, "येतो गं." तो ‘गं’ जरा लांबवलेला. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तो आवाज मी ओळखला. सारवासारव करत नाही – ओळखला.

आई वळल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. रोज पोळ्या लाटता लाटता म्हणत असतील तशा, खाली बघतच म्हणाल्या, "या."

मी वळून बघितलं. दार बंद. काचेपलीकडे तिकीटवाल्या बाई पाठमोऱ्या बसून डब्यातलं काहीतरी खात होत्या.

आणि मीराने माझी बाही ओढली. "वेर कॉम्ट, ममा?" कोण येतंय, ममा?

बाहेर आल्यावर आईंनी भूक लागली म्हणून सांगितलं. बेकरीतला अख्खा ब्रेत्सेल, तो वेढ्याचा खारा पाव, खाल्ला आणि गाडीत चार तास गाढ झोपल्या.

मी मात्र कामाला लागले. ध्वनिफीत लावली होती का? बाईंना विचारलं, नंतर फोन करूनही विचारलं. तिथे स्पीकरच नव्हते. अविनाश? त्याचा फोन तेव्हा चालू होता, फोनमधल्या नोंदीत वेळ होती. हीटिंगच्या पाइपांचा आवाज, असं तो अजून म्हणतो. पाइप ‘गं’ म्हणत नाही. माझ्याच मनाचा खेळ, हे मी सगळ्यांत आधी लिहिलं होतं. पण मग मीराने काय ऐकलं? सगळ्या ओळींवर काट मारली. शेवटी ‘कोण?’ एवढंच उरलं.

आई ठरल्या दिवशीच परत गेल्या, म्युनिकहून. एकट्या राहीन म्हणाल्या, आणि राहिल्या. विमानतळावर तपासणीच्या रांगेत शिरताना त्यांनी वळून हात केला. "येते गं, मीरा."

मीरा हातातल्या चॉकलेटचा कागद सोडवत होती. मान वर न करता, नेहमीसारखं जर्मनमध्येच म्हणाली, "या, आजी."

आई हसल्या आणि आत गेल्या.