मंडईच्या दिवशी हीटर

गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा होती आणि मी भंडाऱ्याला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एकटाच बसलो होतो. थंड प्रदेशातून आलेल्या एका जुन्या गाडीचा विजेवर चालणारा जादाचा हीटर संध्याकाळपर्यंत सुरू करून दाखवायचा होता, नाहीतर प्रॅक्टिकलमध्ये नापास. सोबतचे दोघं मंडईला निघून गेले. मला तेवढी हिंमत झाली नाही. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे विचारायलाही कोणी नव्हतं.

बटण दाबलं तरी पंखा फिरत नव्हता. फ्यूज चांगला होता. हीटरचा प्लग काढून त्यात आणि गाडीच्या पत्र्यात मीटर लावला, तर पुरते बारा व्होल्ट; म्हणजे वीज येत होती. मग बिघडलं काय? 

तेवढ्यात धानाची बांधी आठवली, चारी बाजूंनी बांध घातलेलं भाताचं शेत. बांधी काठोकाठ भरलेली दिसते, पण खालच्या बाजूचं तोंड बुजलं असेल तर पाणी जागचं हलत नाही. विजेचीही परतीची वाट बंद असेल, असं वाटलं. हीटरमधून गाडीच्या पत्र्याला जाणारी अर्थिंगची वायर शोधली. तिच्या बोल्टखाली गंज चढला होता. तो घासून बोल्ट घट्ट कसला आणि पंखा फिरला. हळूहळू गरम हवा आली.

बाबांना फोन लावला. मागे मंडईचा गोंगाट होता.

"बाबा, गाडीचा हीटर सुरू केला मी."

"गरम हवा कायले पाहिजे रे? उन्हात उभा राह्य ना! जेवला का? तुही माय विचारून राहिली."

"जेवलो," मी खोटंच म्हणालो.

सर येईपर्यंत हीटर बंद करावासा वाटला नाही. त्या गरम हवेसमोर दोन्ही हात पसरून बसलो.