तिनं दिलं, म्हणून मी प्यालो

मालकानं माझ्या बायकोला भर शेतात, वीस-पंचवीस माणसांदेखत, नाक घासायला लावलं. काळ्या ढेकळांवर. तीनदा. मी चार हात अंतरावर उभा होतो. खाली मान घालून.

निजामाचं राज्य होतं. आमी जिंतूरकडचे, गावकुसाबाहेरचे. वर्षभरापूर्वी बाप्तिस्मा घेतलेला. पण गावाच्या लेखी आमी होतो तेच.

कापसाची वेचणी चालली होती. माझ्या अंगात लय ताप. आमचं पाणी संपलेलं. बांधावर वरच्या जातीच्या बायांचा माठ होता. मीच बायकोला म्हणालो, "आण त्यातलं. जीव चाललाय माझा." ती नको नको म्हणत होती. मी हट्ट धरला. तिनं आणलं. मी प्यालो.

बायांनी ओरड केली तसा मालक आला. "माठाला कोण शिवलं?"

माझ्या तोंडातून निघालं, "तिनं दिलं, मालक. मी नुसता प्यालो."

बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग ती वाकली.

रविवारी मिशनचे उपदेशक आले. लिंबाखाली बसून त्यांनी आदामाची गोष्ट सांगितली. मना केलेलं फळ त्यानं खाल्लं. देवानं जाब विचारला, तर म्हणाला, बाईनं दिलं म्हणून खाल्लं.

ही तर माझीच जबानी! आणि माझ्यापुढं तर फळ बी नव्हतं. पाणी होतं. ते देवानं कधी मना केलं? माणसानं केलं. पाणी पिण्यात पाप नव्हतंच. पाप माझ्या जिभेनं केलं.

प्रार्थना झाल्यावर मी विचारलं, "पापात सगळेच पडले? मालक बी?"

"सगळेच. जन्मानं वरचा कुणीच न्हाई," ते म्हणाले.

सोमवारी शेतात गेलो. सगळ्यांसमोर बोललो, "पाणी मी आणायला लावलं. ती नको म्हणत होती. मी भिऊन तिचं नाव घेतलं, हे माझं पाप. तिला नाक घासायला लावलं, हे तुमचं, मालक."

चाबूक बसला. काम गेलं.

घरी बायको जवारी पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. सूप थांबलं न्हाई.

"नाक माझं घासलं," ती म्हणाली. "ते तुमच्या बोलण्यानं पुसतंय व्हय?"

न्हाई पुसत. तिच्यापुढं माफी मागायला मला तोंड न्हाई.

देव क्षमा करील, असं उपदेशक म्हणतात. करो, न करो. इथून पुढं जाब विचारला गेला, तर पहिलं नाव माझं सांगीन. आणि माझ्या घरचं माणूस कुणापुढं वाकू देणार न्हाई.