हळू बोलणारा ओनुफ्री

आमच्या दरीत घोड्यांशी लोक ओरडूनच बोलतात. डोंगरावरून ओंडके खाली ओढताना एकेकाचा आरडाओरडा नदीपलीकडे ऐकू जातो, आणि त्यात निम्म्या शिव्याच असतात. "लांडगे खावोत तुला!" ही त्यातली सगळ्यात सौम्य. ओनुफ्री मात्र घोड्याशी असा बोलायचा, जणू चर्चमध्ये शेजारच्याला काही सांगतोय. आम्ही त्याची भरपूर टिंगल करायचो.

"काका, घोड्याला लग्नाची मागणी घालताय की काय?" मी विचारायचो.

"घातली असती रे," तो म्हणायचा, "पण वऱ्हाडात तुझ्यासारखी गाढवं येतील."

चाळीस वर्षं तो एकच काम करत होता. आम्ही करवतवाले झाडं पाडायचो आणि तो ती घोड्याने ओढून रस्त्यापर्यंत न्यायचा. जिथे ट्रॅक्टर गेला तर कोवळी रोपं चिरडतील, तिथे वनरक्षक ओनुफ्रीलाच बोलवायचा. बायको कधीच वारली होती. राहिला नावाची एकुलती मुलगी इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करून पोट भरत होती. ती फोनवर आधी सुरूची चौकशी करायची आणि मग बापाची. सुरू म्हणजे त्याचा करडा घोडा. शिंगरू असताना त्याला तिनेच बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

हळू बोलण्यामागे कारण होतं. सुरू चार वर्षांचा असताना ओनुफ्रीचा धाकटा भाऊ प्रोकोपी त्याला घेऊन जंगलात गेला आणि सुटलेल्या ओंडक्याखाली सापडला. ओंडक्यासोबत उताराच्या तळापर्यंत तो ओरडत गेला आणि तिथेच मेला; सुरूने ते सगळं ऐकलं. तेव्हापासून माणूस किंचाळला की हा आठशे किलोचा घोडा पिसाळल्यासारखा उधळायचा. दुसऱ्या कोणी त्याला खाटकाच्या गाडीत चढवला असता. ओनुफ्रीने तसं केलं नाही. त्याने स्वतःचा आवाज कमी केला आणि आम्हालाही करायला लावला. सुरू गल्लीतून जाताना पोरंसुद्धा भांडण थांबवायची.

आता तोआदेरच्या शनिवारचं सांगतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासातला पहिला शनिवार म्हणजे आमच्याकडे घोड्यांचा दिवस. त्या दिवशी त्यांची आयाळ कापायची, पोटभर ओट घालायचे आणि साज भिंतीवरून काढायचासुद्धा नाही. जो घोडा जुंपेल त्याला संत तोआदेर सोडत नाही म्हणतात. पुष्कळजण आता हे फारसं मनावर घेत नाहीत. ओनुफ्री घ्यायचा. एका वर्षी त्याच दिवशी मोठे वनाधिकारी त्याच्या दारात आले, त्यांची गाडी नाल्यात रुतली होती. ओनुफ्रीने त्यांना खुर्ची दिली, आलुबुखाराची दारू दिली आणि म्हणाला, "साहेब, उद्या."

मी त्या शनिवारी कामावर गेलो. करवतीला कसला आलाय सण? तोडणीचा परवाना महिनाअखेर संपत होता आणि वादळाने आडवे केलेले स्प्रूसचे वृक्ष अजून अर्धे शिल्लक होते. सोबत माझा मेव्हणा इलारिओन होता. बर्फ वितळून पुन्हा गोठला होता, पायाखाली नुसती काच. अशा दिवशी उतारावर जाऊ नये हे मला कळत होतं. तरी गेलो, कारण मी अडेलतट्टू आहे.

मुळाकडचा भाग कापला आणि खोड सुटलं. फार नाही, हातभर घसरलं. माझी उजवी मांडी खोड आणि खडक यांच्यामध्ये सापडली.

इलारिओनने पाचर ठोकून पाहिली. खोड बोटभर हललं, पण माझ्याच बाजूला. करवतीने कापायचं तर वरचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं असतं. ट्रॅक्टर तिथे चढूच शकत नव्हता. वरच्या अंगाने घोड्याने ओढलं तरच काही आशा होती.

"दाजी, मी ओनुफ्रीकाकांना घेऊन येतो," इलारिओन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मरू नका हां. ताई मला घरात घेणार नाही."

तो पळाला आणि मी एकटा राहिलो. मांडी आधी ठणकत होती, मग बधिर झाली, आणि बधिर झाल्यावर मला खरी भीती वाटली. खोडाखालचा बर्फ मधूनच कुरकुरायचा. दर वेळी वाटायचं, आता आलं अंगावर. आणि डोक्यात एकच घोळत होतं: ते साहेब, ती खुर्ची आणि तो शब्द, "उद्या." उद्यापर्यंत मी राहणार नव्हतो. मी रडलो. चौतीस वर्षांचा माणूस, बर्फात पडून आईला हाका मारत रडलो.

तासाभराने वरून साखळीचा आवाज आला. ओनुफ्री आला होता. सुरूची आयाळ नुकतीच कापलेली होती, मानेवर कापलेले केस अजून चिकटलेले होते. म्हणजे आयाळ कापता कापता कात्री टाकून त्याने भिंतीवरचा साज काढला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आधी खोड पाहिलं, मग खडक, मग खालचा नाला. मग माझ्याजवळ बसला.

"बोटं हलतात?"

"कळत नाही, काका."

"बरं. आता नीट ऐक. सुरू वीतभर ओढेल आणि धरून ठेवेल. तेवढ्यात इलारिओन तुला बाहेर काढेल. तू आवाज काढायचा नाहीस."

"नाही काढत."

"आत्ता सोपं वाटतंय. पाय मोकळा झाला की रक्त परत येतं, आणि खरं दुखतं ते तेव्हा. तेव्हा तोंड उघडायचं नाही. कळलं?"

त्याने लगामाचा पट्टा कापून माझ्या दातांत दिला. मग पिशवीतून हूक काढला. तो पाहून इलारिओन दचकला.

आमच्या कामात दोन हूक असतात. उतारावर उघडा हूक लावतात. ओंडका सुटला तर घोडा बाजूला उडी मारतो, हुकातून साखळीची कडी आपोआप निसटते आणि ओंडका एकटाच खाली जातो. बंद हूक निसटत नाही. तो फक्त सपाटीवर वापरायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"काका, इथे बंद हूक?"

"उघडा लावला आणि घोडा जरा जरी कलला तर कडी निसटेल. मग ओंडका ह्याच्या छातीवर."

"पण मग सुरू..."

"माहीत आहे मला," ओनुफ्री म्हणाला आणि हूक अडकवला.

तो वर जाऊन सुरूच्या डोक्याशी उभा राहिला. मला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त ओठ हलताना दिसत होते. साखळी ताणली गेली. सुरू पुढे झुकला, मागच्या खुरांनी बर्फ फोडला आणि खोड हललं. एक बोट. दोन बोटं. मग तो थांबला, आणि तसाच धरून राहिला. त्याच्या मांड्या थरथरत होत्या, अंगातून वाफ निघत होती, पण साखळी तसूभरही सैल झाली नाही. एवढं मोठं जनावर आणि एवढं शहाणं, मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं.

इलारिओनने मला काखेत धरून ओढलं. कंबर निघाली. मांडी निघाली. गुडघा अडकला. त्याने हिसका दिला, आणि पायात रक्त आलं.

मी पट्टा चावला. देवाशपथ चावला. पण ते दुखणं दातांत मावणारं नव्हतं. पट्टा तोंडातून पडला आणि मी किंचाळलो.

सुरू उधळला. बाजूला उडी मारली, खूर घसरले, साखळी आडवी झाली आणि खोड उलटलं. तोवर इलारिओनने मला कसंबसं बाहेर खेचलं होतं. ओंडका माझ्या टाचेला चाटून गेला आणि हूक बंद असल्याने घोड्यालाही घेऊन गेला. त्या क्षणी मी ओनुफ्रीला जन्मात पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. त्याने फक्त घोड्याचं नाव घेतलं.

मग नाल्यातून सुरूचा आवाज येत राहिला. पुढचे दोन्ही पाय मोडले होते. ओनुफ्री कुऱ्हाड घेऊन खाली उतरला. बराच वेळ त्याचं हळू बोलणं चालू होतं. मग थांबलं. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात नुसता लगाम होता. दोघांनी फांद्यांची डोली केली आणि मला रस्त्यापर्यंत उचलून नेलं. पुढची बाजू ओनुफ्रीने धरली होती.

इस्पितळातून सुटलो तो थेट ईस्टरला. पाय वाचला, पण आखडला. चर्चच्या अंगणात सगळे सणाच्या जेवणाच्या टोपल्या मांडून पाद्र्याच्या आशीर्वादाची वाट पाहत होते. तिथे नव्वदीची साफ्ता आजी ओनुफ्रीला सगळ्यांदेखत म्हणाली, "घोड्याच्या दिवशी घोडा जुंपलास. तोआदेर सोडतो होय?"

ओनुफ्रीने टोपी काढली. "चुकलं माझं, आजी."

मला ते सहन झालं नाही. मी पुढे झालो, तर त्याने माझं कोपर असं धरलं की कळ मस्तकात गेली. मला भिंतीमागे घेऊन गेला.

"काका, मी ओरडलो म्हणून झालं ते. संताचा काय संबंध? मी सांगतो त्यांना."

"सांगून काय होईल?"

"खरं कळेल!"

"तुला ह्या गावात अजून चाळीस वर्षं काढायचीत. पोरंबाळं आहेत. 'ह्याने जीव वाचवणाऱ्याचा घोडा मारला' म्हणून बोट दाखवतील. संताचं काय, त्याला कोणी बोट दाखवत नाही. आणि मी म्हातारा आहे." त्याने टोपी परत घातली. "तेव्हा गप्प राहा म्हटलं, ते तुला जमलं नाही. जमणारंही नव्हतं, मला माहीत होतं. आता मात्र जमव."

मी जमवलं. सात वर्षं. लाज वाटते सांगायला, पण हळूहळू बरंही वाटू लागलं. ओनुफ्रीने दुसरा घोडा घेतला नाही. मी करवतींना धार लावून पोट भरतो. त्याच्या दारावरून जाताना दोघंही हवापाण्याचं बोलायचो.

गेल्या शरदात तो गेला. त्याची मुलगी राहिला इटलीहून आली. अंत्यविधीनंतर घरात जेवण चालू होतं आणि बायकांचं तेच सुरू झालं, माणूस सोन्यासारखा, पण संताचा दिवस मोडला, म्हणून घोडा गेला. मी काठी टेकवून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बंद हूक, पट्टा, माझं किंचाळणं, सगळं. इलारिओनने मान खाली घातली आणि "खरं आहे" एवढंच म्हणाला.

कोणी मला शिव्या दिल्या नाहीत. मी वाट पाहत होतो. राहिला हातातलं ताट तसंच धरून उभी होती.

"सात वर्षं," ती म्हणाली. "प्रत्येक फोनवर मी त्यांना सुनावलं, की त्या दिवशी जुंपायचं नाही हे तुम्हाला माहीत होतं, बाबा, सुरूला तुम्हीच मारलंत. आणि ते दर वेळी म्हणायचे, हो बाळ, माझंच चुकलं."