काकांच्या वाइनमध्ये मी कोल्ड्रिंक ओतलं

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटतेय.

राहनाळच्या आमच्या गोडाऊनचा एक कोपरा एका काकांनी भाड्याने घेतलाय. डोंगरावर त्यांच्या घरचा द्राक्षमळा आहे. आज माझ्या पुतण्याच्या हळदीला त्यांनी स्वतः बनवलेली रेड वाइन आणली. दोन जातींच्या द्राक्षांची, चाखून चाखून त्यांचा मेळ जमवलेली.

मी शहाण्याने सगळ्यांसमोर एक घोट घेतला. "काका, ही तर आंबट हाय!" म्हणत ग्लासात बर्फ टाकला, वर कोल्ड्रिंक ओतलं. सगळे हसले. मग तोच ग्लास मी काकांच्या हातात दिला.

काकांनी तो शांतपणे संपवला. "आता बरी लागते, शेठ," म्हणाले.

मी गोडाऊनचा मालक नसतो, तर ते काय म्हणाले असते?