माझ्या वाट्याची रॅम

वर्ध्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही तिघांनी मिळून एक कॉम्प्युटर घेतला. दोन हजार पाच-सहाचे ते दिवस. लोडशेडिंग इतकं, की सायबर कॅफेत खेळ रंगात आला की नेमका पंखा बंद पडायचा आणि कॅफेवाला पैसे मात्र पूर्ण तासाचे घ्यायचा. त्यात त्या वर्षी बंदुकीचा एक नवा गेम आला होता, तो कॅफेतल्या जुन्या मशीनवर उघडायचासुद्धा नाही. पडदा काळा व्हायचा आणि मशीन पहिल्यापासून सुरू. तेव्हा ठरलं, आपलंच मशीन करायचं, आणि असं करायचं की वर्ध्यात कुणाकडे नसेल.

तिघांपैकी एक लोखंड-सिमेंटच्या मोठ्या दुकानदाराचा मुलगा. त्याला आम्ही सगळे सेठ म्हणायचो, तसंच इथंही म्हणतो. दुसरा देवळीचा. घरी बक्कळ शेती, वर्ध्याला लागून सिंदी मेघेत खोली करून राहायचा आणि घरून निरोप आला तरच गावी जायचा. तिसरा मी. माझे वडील सेवाग्रामला दवाखान्याच्या औषधांच्या स्टोअरमध्ये कामाला होते. रोज सायकलने जायचे, स्कूटर होती ती पाहुण्यांसाठी आणि लग्नकार्यासाठी ठेवल्यासारखी. आपला मुलगा कॉम्प्युटरचं काहीतरी शिकतो आहे, एवढ्यावर त्यांना समाधान होतं.

मशीनचे भाग निवडायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं, हे दोघांना माहीत होतं. मी जुनी कॉम्प्युटरची मासिकं रद्दीवाल्याकडून आणली, पॅसेंजरने नागपूरला जाऊन सीताबर्डीतली दुकानं पालथी घातली. हातात पैसा थोडा आणि डोळ्यांपुढे गेम मोठा, म्हणजे कुठं कापायचं आणि कुठं कापायचं नाही हे ठरवणं आलं. मी ग्राफिक्स कार्डाला हात लावू दिला नाही. प्रोसेसर एक पायरी खाली आणला, पण मदरबोर्ड चांगला धरला, म्हणजे पुढेमागे प्रोसेसर बदलता येईल. मॉनिटर जुना, काचेचा जाडजूड, पण रंग स्वच्छ. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा पॉवर सप्लाय नको, वेगळा वजनदार घ्यायचा, यावर मी अडून बसलो.

"डब्यात डबा, त्याचे कायचे पैसे?" सेठ म्हणाला.

"तो जळला तर बाकी सगळं घेऊन जाते," मी म्हटलं.

त्याने मान्य केलं. पण त्याची एक अट होती. पैसे एकत्र करायचे नाहीत. ज्याने जो भाग घेतला, तो त्याचा. "उद्या भांडण झालं तर ज्याचं त्यानं उचलावं. हिशोब साफ." आम्हाला ती अट फार शहाणपणाची वाटली. धंदेवाल्या घरचा आहे, याला कळतं, असंही मला वाटलं.

त्याने प्रोसेसर, मदरबोर्ड, हार्डडिस्क, कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय घेतला. देवळीवाल्याने ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर. गल्लीतल्या पोरांच्या शिकवणीचे पैसे माझ्याकडे जमले होते, त्यात रॅमच्या दोन पट्ट्या आल्या आणि कीबोर्ड-माऊस. मशीन सेठच्या घरी, दुकानाच्या वरच्या खोलीत ठेवायचं ठरलं, कारण तिथं इन्व्हर्टर होता. जोडलं मी. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले, एक छोटी पीं वाजली आणि पडदा उजळला, तेव्हा देवळीवाल्याने मला पाठीमागून उचललं होतं. त्या आठवड्यात आम्ही तिघं जितके हसलो तितके नंतर कधीच हसलो नाही.

मग पाळ्या लागल्या. आधी सारख्या होत्या. एके दिवशी सेठने सहज म्हणावं तसं म्हटलं, "बे, तुह्या दोन पट्ट्या अन् आमचं येवढं सामान. सारखी पाळी कशी होईल?"

मला वाटलं, गंमत करून राह्यला. देवळीवाल्याने माझ्याकडे न बघता मान हलवली आणि मला कळलं की हे आधी दोघांत बोलून झालं आहे.

माझी पाळी छोटी झाली. नंतर ती दोघांची मर्जी झाली. दोघं खेळायचे, मी मागे जमिनीवर बसून बघायचो, कारण खुर्च्या दोनच होत्या आणि खुर्च्याही सेठच्या होत्या. मशीन तापलं, आवाज करायला लागलं, गेम अडकला, की मला निरोप यायचा. मी ब्रश घेऊन जायचो, पंख्यातली धूळ काढायचो, झाकण लावायचो. "झालं का? सरक मग."

सगळ्यात वाईट होता तो मॉनिटरचा खेळ. माझी पाळी सुरू असायची, समोरून शत्रू येत असायचे, आणि देवळीवाला हात पुढे करून मॉनिटरचं बटण दाबायचा. पडदा काळा. मशीन चालूच, गेम चालूच, स्पीकरमधून बुटांचे आवाज येत राहायचे.

"काऊन बंद केला?"

"मॉनिटर माहा हाय. खेळ ना तू. माऊस तुहाच हाय."

मी किती वेळ जिवंत राहतो यावर ते पैज लावायचे. सेठ घड्याळ बघायचा. सुरुवातीला मी हात काढून घ्यायचो, तर ते म्हणायचे, पाळी गेली. म्हणून मी खेळत राहायचो. आवाजावरून अंदाज घ्यायचो, डावीकडे पाऊल वाजलं की डावीकडे वळून गोळी झाडायचो. हळूहळू मी त्यात बरा झालो. एकदा सेठने कॉलेजातली आणखी चार पोरं बोलावली, फक्त ते बघायला. मी काळ्या पडद्यासमोर बसून माऊस हलवतो आहे आणि मागे सहाजण पोट धरून हसत आहेत. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "याले हे आवडते काय?" देवळीवाला म्हणाला, "नाई आवडत तर येते कायले?"

ते खरंच होतं. मी जात होतो. ते मशीन मी भागाभागाने निवडलं होतं आणि ते चालताना बघायला मिळावं म्हणून मी काहीही सहन करत होतो. पण त्या दिवसानंतर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सेठला म्हटलं, माझ्या पट्ट्या काढून दे.

"कोणत्या पट्ट्या? आता कोणती कोणाची, काय लिहिलं हाय का त्याच्यावर?"

पट्ट्या दोन्ही माझ्याच होत्या. त्यालाही ते माहीत होतं. हिशोब साफ, हे त्याचंच बोलणं मी त्याला ऐकवलं. तो हसून वर्गात निघून गेला.

घरी मी जेवत नव्हतो. वडिलांनी विचारलं. मी सांगितलं ते अर्धवट: माझी रॅम त्यांच्याकडे आहे आणि ते देत नाहीत. मॉनिटरचं सांगितलं नाही. वडिलांनी शर्ट बदलला, इस्त्रीचा घातला, स्कूटर काढली. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, "आपली वस्तू हाय ना? मंग मांगाले लाज कायची?"

दुकानात भर दुपारची गर्दी होती. सेठचे वडील गल्ल्यावर. सेठ आणि देवळीवाला, दोघंही खाली दुकानातच, खुर्च्या टाकून बसलेले. मी रस्त्यावर स्कूटरपाशी थांबलो. वडील पायरी चढून गेले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाले, "सेठजी, माह्या पोराचा राम तुमच्याकडे राह्यला म्हणते. तेवढा देऊन टाका."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग देवळीवाला फुटला. त्याच्या मागे सेठ. मग त्याने आपल्या बापाला कानात सांगितलं आणि गल्ल्यावरचा माणूसही हसायला लागला. गिऱ्हाइकांना काय झालं ते माहीत नव्हतं, तरी तेही हसले. वडील मध्ये उभे. त्यांना वाटलं असावं की आपण काही विनोदी बोललो, म्हणून तेही थोडे हसले. मला त्यांच्या त्या हसण्याकडे बघवलं नाही.

"दे बेटा, दे यांचा राम," मोठे सेठ म्हणाले. "दोन हाय ना? दोन्ही राम देऊन टाक."

वरती मशीन चालू होतं. जिन्यातून गेमचं संगीत खाली येत होतं. सेठ वर गेला. संगीत एकदम तुटलं. मी बाहेर उभा राहून ओळखलं की त्याने मशीन बंद न करता पट्ट्या ओढल्या. खाली येऊन त्याने त्या वडिलांच्या हातावर आपटल्या. वडिलांनी खिशातला रुमाल काढला, पट्ट्या त्यात गुंडाळल्या आणि आभार मानले.

परतताना सिंदी मेघेच्या रस्त्यावर त्यांनी स्कूटर हळू केली. "काऊन हासले रे ते?"

मी खोटं बोलू शकलो नाही. "बाबा, त्याले राम नाई म्हणत. रॅम म्हणतात."

"रॅम," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, नीट जमावं म्हणून, "रॅम." मी मागे बसलो होतो, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

पट्ट्या मेल्या होत्या. एका दुरुस्तीवाल्याकडे लावून बघितल्या, मशीन नुसतं किंचाळत राहिलं. वडिलांना मी सांगितलं की चांगल्या आहेत, पुढे कामी येतील. सेठने त्याच आठवड्यात नव्या रॅम आणल्या, माझ्यापेक्षा दुप्पट आणि स्वस्तात, कारण भाव तोवर पडले होते. मी गेल्याने त्यांचं एका दिवसाचंही अडलं नाही. डिप्लोमा संपेपर्यंत माझं नाव राम होतं. वर्गात कुणी हजेरीला उशिरा आलं तरी मागून आवाज यायचा, "राम आला काय?"

पुढे त्या दोघांचंही फाटलं. कशावरून ते मला नीट माहीत नाही. देवळीवाला नापास झाला, आपलं कार्ड आणि मॉनिटर उचलून गावी गेला. उरलेल्या मशीनवर सेठच्या दुकानात सिमेंटची बिलं निघू लागली.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा एका रविवारी देवळीवाला आमच्या दारात उभा राहिला. टॉवेलात गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड सोबत. आईने पाणी दिलं. तो म्हणाला, घरून पैसे मिळाले आहेत, पण थोडेच. या कार्डाभोवती नवं मशीन बांधायचं आहे, काय-काय घेऊ सांग, आणि नागपूरला सोबत चल.

मी कार्ड हातात घेऊन बघितलं. पंखा धुळीने जाम झाला होता, बाकी ठीक. मी त्याला सगळं सांगितलं, कोणता मदरबोर्ड, किती रॅम, पॉवर सप्लायमध्ये वाचवू नको. तो मन लावून ऐकत होता. मग मी म्हटलं, "सोबत येणार नाई."

"काऊन?"

"मॉनिटर बंद करायचा तू. आठवते?"

त्याने खरोखर आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिला. "नाई बे," तो म्हणाला. "आपण तर मस्त खेळायचो ना तिघं." तो लपवत नव्हता. त्याला काहीच आठवत नव्हतं. मला तोवर वाटत होतं की केव्हा ना केव्हा त्याला किंवा सेठला वाईट वाटत असेल. त्या दिवशी ते वाटणं संपलं.

"चौकातून देवळीची बस मिळेल," मी म्हटलं.

तो कार्ड गुंडाळून उठला. जाताना आईला म्हणाला, "काकू, याले सांगा ना, मित्राले असं करते का कोणी." आई माझ्याकडे बघू लागली. तिला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिने त्याची बाजू घेतली आणि तो गेल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.