जुलीला भूल दिली तो दिवस

नऊ वाजून गेले तरी जुली दाबपिंजऱ्यात शिरायला तयार नव्हती. हा पिंजरा अरुंद असतो. त्याची एक बाजू सरकवली की जनावर दबतं, हलत नाही. मग डॉक्टर भुलीचं इंजेक्शन देतात. बुलढाण्याहून आलेल्या डॉक्टर मॅडम तासभर सिरिंज घेऊन उभ्या होत्या.

जुली म्हणजे सर्कशीतली सिंहीण. खेळांवर बंदी आल्यावर मालकानं तिला खामगावात एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात पिंजऱ्यासकट टाकून दिलं होतं. तिथून सोडवून तिला मोताळ्याकडच्या आमच्या सेंटरवर, सोडवलेली जनावरं ठेवतात तिथं, आणलं. इथून जनावर कुठंच परत जात नाही. जंगलातही नाही, कारण शिकार त्याले येत नाही. मरेपर्यंत आम्हीच पाहतो. मी तिच्यासोबतच आलो. सर्कशीत बारा वर्षं मीच तिचा माणूस होतो. चौथी नापास आहे, पण सिंहाचं मले कोणी शिकवू नये.

सर्कशीत तिची नखं उपटली होती. एक मुळासकट निघालं नव्हतं. ते वाकडं वाढून पंजात घुसलं, पू झाला. तीन पायांवर चालायची. ऑपरेशन करणं भागच होतं, आणि त्यासाठी आदल्या दिवसापासून पोट रिकामं पाहिजे.

मॅडम म्हणाल्या, "काका, आज नाही आली तर पुढच्या आठवड्यात पाहू."

सेंटरचा मॅनेजर हसला. "बारा वर्षं सांभाळली म्हणता, अन् तुमचंच आयकून नाही राह्यली?"

हे मले लागलं. मी सगळ्यांना मागं हटायला सांगितलं.

सर्कशीत आमचा नियम होता. जनावराले आत बोलावलं तर तोंडात घास टाकल्याशिवाय दार पाडायचं नाही. एकदा फसवलं की पुन्हा ते येत नाही. शुद्धीवर आल्यावर द्यायला म्हणून मी प्लास्टिकच्या पन्नीत कोंबडीची काळजं आणली होती. त्यातली दोन आत टाकली. जुली आली. तिनं खाल्लं, मग मी दार पाडलं. पाठीमागून कोणाले काही दिसलं नाही.

टोचण्याआधी मॅडमनी विचारलं, "काका, पोटात काही नाही ना?"

"काहीच नाही. कालपासून उपाशी हाय."

दोन काळजं तर सिंहाच्या दाढेलाही पुरत नाहीत, असं मनाशी म्हटलं. खरं हे, की आमिष दाखवून आणली हे मॅनेजरसमोर कबूल करायचं नव्हतं.

भूल चढताना जुली ओकली. ते श्वासनळीत गेलं. मॅडमनी तिचं डोकं खाली केलं, घसा साफ केला, ऑक्सिजन लावला. नख निघालं. पंजाचं काम नंबर एक झालं. पण छातीत न्यूमोनिया धरला. पाच दिवस इंजेक्शनं चालली. माझ्या हातचंही खाईना. सहाव्या दिवशी सकाळी गेली.

ओकारीत काळजाचा तुकडा मॅडमना पहिल्याच दिवशी दिसला होता. त्या पोस्टमॉर्टेमचा कागद लिहिता लिहिता म्हणाल्या, "काका, सांगितलं असतं तर मी फक्त पुढच्या आठवड्यावर ढकललं असतं."

मी "हाव, खरं हाय" म्हटलं.

आता सेंटरवर दुसरे तीन सिंह राहिले. भुलीच्या आदल्या दिवशी मी पिंजऱ्याची किल्ली मॅनेजरकडे देऊन टाकतो, म्हणजे घास टाकायचा मोहच नको. तो राहू द्या म्हणतो. मी देतोच. डॉक्टरनं पोटाचं विचारलं की पोटाचंच सांगावं. आपल्या इज्जतीचा तिथं काही संबंध नसतो.